प्रल्हाद काशीदचा चेहरा

आधीच सांगून टाकतो. 'पारख'चा कायदा आला तेव्हा आमच्या मंडळात त्याच्या बाजूनं सगळ्यात मोठ्या आवाजात बोललेला माणूस मीच होतो. नंतर कुणी हे माझ्या तोंडावर फेकायला नको.

मी जालिंदर मोहिते. उगवती क्रीडा मंडळाचा चिटणीस. पोटापाण्यासाठी एसटी स्टँडसमोर सेवा केंद्र चालवतो. सातबारा, जातीचा दाखला, पेन्शन, लायसन, म्हणाल तो फॉर्म मी भरून देतो. तालुक्यात माझ्याइतके फॉर्म भरलेला दुसरा माणूस नाही, आणि या गोष्टीचा मला चांगलाच माज होता. कुठल्या रकान्यात काय लिहिलं की साहेब अडवत नाही, हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

कायदा का आला तेही सांगतो. शेजारच्या तालुक्यात एका पोहण्याच्या क्लबात एक माणूस हौसेनं शिकवायला यायचा. चार वर्षं त्यानं लहान मुलींना त्रास दिला. प्रकरण बाहेर आलं तेव्हा कळलं, की याच कारणासाठी त्याला आधी दुसऱ्या जिल्ह्यातून हाकललेलं होतं. तिथले कागद तिथं पडून राहिले, इथं कुणी विचारलं नाही. वाचून माझं डोकं फिरलं होतं. माझी नात ईश्वरी तेव्हा नुकतीच आमच्या मैदानावर खो-खो खेळायला लागली होती, आठ वर्षांची होती. त्यामुळं सरकारनं जेव्हा सांगितलं, की पगारी असो की हौशी, मुलांच्या मैदानावर पाय ठेवणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची पारख झालीच पाहिजे, तेव्हा मी मंडळाच्या मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटून म्हणालो, की ज्याला भीती वाटते त्यानं घरी बसावं. दोघातिघांनी कुरकुर केली. हणमंत शेवाळे माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, जालू बरोबर बोलतोय, माझा फॉर्म पहिला भर.

हणमंत म्हणजे माझा बालमित्र. मैदानाच्या समोर त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. जळालेल्या पाणबुडी मोटरी दिवसभर उघडायच्या, तांब्याची तार गुंडाळायची, आणि संध्याकाळी साडेपाचला शटर अर्धं ओढून मैदानावर यायचं. सत्तावीस वर्षं. कुणी त्याला चहासुद्धा पाजला असेल नसेल. त्याला स्वतःला मूलबाळ नाही. बायको शालन आणि तो, एवढाच संसार. पण आमच्या तालुक्यातून राज्याच्या संघात गेलेली सोळा पोरंपोरी त्याच्या हाताखालची. खो-खोत बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात पडतो आणि मग तो उठतो. तो हात कसा पडला पाहिजे, जोराचा नको, लाजल्यासारखा नको, हे हणमंत इतकं नीट शिकवायचा, की बघत राहावं.

पारख काय करते ते मी लोकांना तेव्हा फार ऐटीत समजावून सांगायचो. गेल्या दहा वर्षांत सरकारनं जुने कागद मशिनीतून काढले. शाळांची रजिस्टरं, पोलीस ठाण्यांच्या डायऱ्या, वसतिगृहांचे हजेरीपट, वर्तमानपत्रं, स्पर्धांचे फॉर्म, सगळं. पण कागद वाचणं ही मोठी गोष्ट नाही. एका माणसाचे कागद पन्नास ठिकाणी विखुरलेले असतात. कुठं नाव वेगळं, कुठं आडनाव चुकलेलं, कुठं मुद्दाम बदललेलं. पारख ते सगळे कागद उचलते आणि कुठला कागद कुठल्या माणसाचा, हे ठरवून एकेकाचं गाठोडं बांधते. त्यासाठी ती फोटो बघते, आणि फोटोत सगळ्यात आधी कान बघते. चेहरा वयानं बदलतो, दाढी येते, टक्कल पडतं, पण कानाच्या पाळीच्या वळ्या आणि डोळ्यांच्या खोबण्यांमधलं अंतर वयात आल्यावर फारसं बदलत नाही. कळकटलेल्या जुन्या फोटोवरूनसुद्धा ती कान उभा करते. मग हा कागद याच माणसाचा असण्याची शक्यता शंभरात किती, असा एक आकडा काढते. त्याला 'जोड' म्हणतात. वाईट कागदाशी जोड साठच्या वर गेली की माणूस लाल. मध्ये साहेब नाही, ओळख नाही, वशिला नाही. पूर्वी साहेबांना अधिकार होता तेव्हा ते ओळखीच्यांना सोडायचे, म्हणून तो मुद्दाम काढून टाकला. मला हेच तर आवडलं होतं.

आमच्या नऊ जणांचे फॉर्म मी एका दिवसात भरले. अकराव्या दिवशी निकाल आला. आठ हिरवे. हणमंत शेवाळे लाल, जोड चौसष्ट.

मला वाटलं, बोटाचा ठसा नीट आला नसेल, वायंडिंगवाल्याची बोटं ती. पण असं काही वाटून उपयोग नव्हता, कारण नियमाप्रमाणं निकाल एकाच वेळी सगळ्या पालकांच्या मोबाईलवर गेला होता. कारण त्यात लिहीत नाहीत, ज्यांनी कधीकाळी तक्रार केली त्यांना संरक्षण म्हणून. नुसतं नाव, फोटो, लाल खूण, आणि खाली ओळ, की या व्यक्तीला मुलांच्या मैदानापासून शंभर मीटरच्या आत येण्यास मनाई आहे. हणमंत त्या वेळी मैदानावरच होता. पोरं खो-खोच्या चौकोनांत बसलेली. लाल माणूस त्या शंभर मीटरच्या आत असला की त्याचा मोबाईल वाजत राहतो. मला नंतर ईश्वरीनं सांगितलं, की काकांचा मोबाईल कर्कश वाजायला लागला आणि बंदच होईना. त्यांनी बॅटरी काढायचा प्रयत्न केला, मग मोबाईल हातात धरून ते पार लांब मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेले. तिथं तो वाजायचा थांबला. पण मागं येऊन दुकानाच्या दारात पाय ठेवला आणि परत सुरू झाला. दुकान मैदानापासून चाळीस मीटरवर होतं.

तो तसाच माझ्या केंद्रावर आला. हसत होता. म्हणाला, जालू, तुझ्या मशिनीनं मला पकडलं बघ. मीही हसलो. मी म्हटलं, बस, तुझं गाठोडं मागवतो, दोन मिनिटांत बघू कुठं तार तुटलीय.

ज्याचं गाठोडं त्याला ते एकदा बघायला मिळतं. आम्ही दोघांनी खुर्च्या जवळ ओढल्या. वरती त्याचे नेहमीचे कागद होते, रेशन कार्ड, दुकानाचा परवाना. मग एक जुना पिवळट कागद उघडला आणि आमचं दोघांचं हसू तिथंच थांबलं. शाळेचं बोनाफाईड होतं. विद्यार्थ्याचं नाव, प्रल्हाद नामदेव काशीद. फोटो हणमंतचा. डिसेंबर १९९९. अक्षर माझं.

आता हे समजायला त्या वेळचं मैदान माहीत पाहिजे. जिल्हा अजिंक्यपद स्पर्धा, कुमार गट, वय अठराच्या आत. हणमंत आमचा सगळ्यात चपळ गडी आणि त्याला अठरा उलटून सहा महिने झालेले. मी वीस वर्षांचा, संघाचा व्यवस्थापक. माझे वडील हायस्कूलमध्ये क्लार्क, कोऱ्या बोनाफाईडांचा गठ्ठा आणि शिक्का त्यांच्या कपाटात. मी एक कागद काढला, वयात बसणाऱ्या आणि आमच्या संघात कधीच न खेळलेल्या एका पोराचं नाव घातलं आणि हणमंतचा फोटो चिकटवला. दुसऱ्याच्या दाखल्यावर गडी खेळवणं ही त्या काळी सगळ्याच मंडळांची रीत होती. समोरचा संघही तेच करायचा, पंचांनाही माहीत असायचं, आणि ज्याचं नाव वापरलं त्याला चहा-भजी दिली की मिटलं. याला कुणी लबाडी म्हणत नव्हतं, फार तर हुशारी म्हणायचे. फायनलला हणमंतनं खांबावरून सूर मारून शेवटचा गडी बाद केला. मैदानाबाहेर सगळे 'काशीद, काशीद' ओरडत होते आणि आम्ही पोट धरून हसत होतो.

त्याखाली दुसरा कागद होता. दूरच्या जिल्ह्यातलं मुलांचं एक वसतिगृह, आता बंद पडलेलं. तिथं २००५ ते २००८ प्रल्हाद नामदेव काशीद नावाचा माणूस खेळ शिकवायला आणि मुलांवर देखरेखीला होता. दोन मुलांच्या आईबापांनी तक्रार केली. पोलीस यायच्या आत तो पळाला. फेब्रुवारी २००८. अजून फरार. वसतिगृहाची फाईल पुरात भिजून गेलेली, फोटो नाही, ठसा नाही. नोकरी धरताना त्यानं आमच्याच हायस्कूलचा दाखला दिला होता.

हणमंतनं ते दोनदा वाचलं. मग तो हळूच म्हणाला, "हा आपला पल्या काशीद? त्यानं असं केलं?" त्याच्या मनात आधी ते आलं, स्वतःचं नाही. मला मात्र मशीन कसा विचार करतेय ते लगेच कळलं. सगळ्या महाराष्ट्रातल्या सगळ्या कागदांत प्रल्हाद काशीद या नावाला एकच चेहरा होता, आणि तो हणमंतचा होता. मशीन म्हणत होती, या माणसानं एकदा हे नाव घेतलं, मग नंतर वसतिगृहातही तोच या नावानं राहिला असेल. आणि २००५ ते २००८ हणमंत होता कुठं? चाकणला, एका वायंडिंगच्या दुकानात. पगार रोख, राहायचं दुकानातच वर, कागदाचा एक चिटोरा नाही. मालक वारला, दुकानावरून आता सहापदरी रस्ता गेलाय. वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून हणमंत गावाकडं परत आला, तो एप्रिल २००८ मध्ये. काशीद पळाल्यावर दोन महिन्यांनी.

आम्ही प्रल्हादला शोधायला गेलो. त्याचं घर कधीच विकलेलं. थोरली बहीण कडेगावजवळ दिलेली, तिच्याकडं गेलो. तिनं पाणी दिलं, बसायला सांगितलं, आणि भावाचं नाव काढताच पदर तोंडाला लावला. तो तोंड घेऊन कुठं गेला ते तिला ठाऊक नव्हतं. घरातले त्याचे होते-नव्हते ते फोटो वडिलांनी चुलीत घातले होते. निघताना तिनं हणमंतकडं नीट बघितलं आणि विचारलं, तुम्हाला कशाला हवाय तो? हणमंत म्हणाला, जुनी ओळख आहे. बाईचा चेहरा असा बदलला, की आम्ही चपला घालून भराभर बाहेर पडलो.

त्यानंतर एकेक गोष्ट निखळत गेली. दुकान हलवावं लागलं, साखर कारखान्याच्या रस्त्याला, जिथं मोटरी घेऊन कुणी फिरकत नाही. बाजारात बायका शालनवहिनींना बघून लेकरांचा हात धरायला लागल्या. मुद्दाम नाही, नकळत, आणि तेच जास्त लागतं. हळदीकुंकवाला त्यांनी जाणं सोडलं. काही पालक माझ्याकडं येऊन म्हणायचे, आमचा काकांवर पूर्ण विश्वास आहे हो, पण. त्या 'पण'च्या पुढं कुणी काही बोलायचं नाही. मी तरी काय बोलणार? मीच त्यांना मीटिंग घेऊन सांगितलं होतं, की पारख चुकत नाही.

माझ्या घरातही तेच. सून पल्लवी शहाणी मुलगी, नर्स आहे, उगाच आरडाओरडा करणारी नाही. तिनं ईश्वरीला मैदानावरून काढलं नाही, पण एकदा जेवताना तिनं पोरीला विचारलं, हणमंतकाका तुम्हाला खो द्यायला शिकवायचे तेव्हा हात नक्की कुठं ठेवायचे. ईश्वरी म्हणाली, पाठीवर. पल्लवी म्हणाली, पाठीवर कुठं. मी ताडकन म्हणालो, काय विचारतेस पोरीला? पल्लवी शांतपणे म्हणाली, "मामा, मी विचारायलाच पाहिजे ना. तुम्हीच सांगा, नको विचारू?" ती आई आहे, तिनं विचारायलाच पाहिजे होतं. ईश्वरी आळीपाळीनं आमच्याकडं बघत राहिली आणि तिनं ताट अर्धं ठेवलं. त्यानंतर ती हणमंतकाकांचं नाव काढायची बंद झाली.

एक उपाय होता आणि तो मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. मी जाऊन सांगायचं. ते बोनाफाईड मी केलं, नाव मी घातलं, हणमंतनं फक्त फोटो दिला आणि एक स्पर्धा खेळली. पण तसं सांगितलं म्हणजे खोटा शासकीय कागद केल्याचं मी कबूल करणार. मग माझं सेवा केंद्र बंद, कारण त्याला चारित्र्याचा दाखला लागतो. मंडळाचं चिटणीसपद जाणार. वडिलांचं नाव खराब होणार, ते तर वारलेले. मी साडेतीन आठवडे काढले. रोज उद्या म्हणायचो. आणि हणमंत, गाढव माणूस, एकदाही म्हणाला नाही, की जालू, तू जाऊन सांग. संध्याकाळी केंद्रावर येऊन बसायचा, लोकांच्या फॉर्मला फोटो चिकटवून द्यायचा आणि गप्पा मारून जायचा. तो शिव्या देता तर मला सोपं गेलं असतं. चौथ्या आठवड्यात एकदा तो फोटोला गोंद लावता लावता थांबला आणि मैदानाच्या दिशेनं बघत बसला. साडेपाच वाजले होते. माझ्यानं ते बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी मी घरात सगळ्यांना सांगितलं आणि आम्ही दोघं जिल्ह्याला गेलो.

पारख प्राधिकरणाच्या ऑफिसात सुनावणीला रेश्मा मुजावर नावाच्या मॅडम होत्या. तिशीतली पोरगी, बोलायला गोड. आम्हाला पंख्याखाली बसवलं, पाणी मागवलं. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. कपाट, शिक्का, गोंद, फायनल, 'काशीद, काशीद' ओरडणारी माणसं. मॅडमनी मध्ये एकदाही टोकलं नाही. त्यांनी ते जसंच्या तसं टाईप केलं, मला वाचून दाखवलं, मी अंगठा लावला. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. खरंच सांगतो, त्या क्षणी मला स्वतःचा अभिमान वाटला. मॅडमनी जबाब आत पाठवला.

समोरच्या पडद्यावर जोड दिसत होती, चौसष्ट. ती थोडा वेळ तशीच राहिली. मग शहाण्णव झाली.

मी म्हटलं, मॅडम, काहीतरी उलटं झालं. त्यांनी पुन्हा बघितलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"उलटं नाही काका. चौसष्ट का होती माहीत आहे? फोटो जुना होता, कान अर्धा केसांखाली होता. तो फोटो नक्की शेवाळेकाकांचाच का, एवढीच तिला शंका होती. ती शंका तुम्ही आत्ता काढून टाकली."

मी म्हणालो, पण मी हेही सांगितलं ना, की त्यानं ते नाव परत कधी वापरलं नाही?

मॅडमनी समजावलं. पारख प्रत्येक जबाबाचं वजन करते. माणूस आपल्या किंवा आपल्या माणसाच्या फायद्याचं बोलला, की वजन जवळजवळ शून्य. स्वतःचं नुकसान करून बोलला, की वजन पुरेपूर. कोर्टातही असंच धरतात, यात वावगं काही नाही. हणमंतनं प्रल्हादचं नाव घेतलं होतं, हे सांगण्यात माझं नुकसान होतं, म्हणून ते मशिनीनं शंभर टक्के खरं मानलं. परत घेतलं नाही, हे सांगण्यात मित्राचा फायदा होता. त्यांनी विचारलं, २००५ ते २००८ तुम्ही त्यांच्याबरोबर चाकणला होता का? मी नव्हतो. मी इथं लग्न करून संसार थाटत होतो, त्या तीन वर्षांत आमची भेट दोनदा झाली असेल. मग ते तुम्हाला माहीत कसं, काका?

मी विचारलं, तक्रार केलेल्या त्या मुलांना याचा फोटो दाखवा, ती सांगतील. मॅडमनी मान हलवली. ती मुलं आता मोठी झाली आहेत, त्यांनी स्वतःहून पुढं आल्याशिवाय कायद्यानं त्यांच्या दारात जाता येत नाही. त्यांना परत ते सगळं आठवायला लावायचं का, असं त्यांनी उलट मलाच विचारलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवशी त्या ऑफिसात सगळ्यांचंच म्हणणं बरोबर होतं, आणि मला टेबल उलटं करावंसं वाटत होतं.

"मी नसतो आलो तर?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, नवा कागद आला नाही तर जोड दर वर्षी थोडी उतरते. दीड वर्षात साठच्या खाली गेली असती. मग खूण आपोआप निघते.

हणमंत उठला, मॅडमना नमस्कार केला आणि माझ्या खांद्याला धरून मला बाहेर आणलं. जिन्यात मी रडायला लागलो. सत्तावन्न वर्षांचा माणूस, सरकारी जिन्यात, येणारे-जाणारे बघताहेत. तो म्हणाला, "गप. तू खरं बोललास. मला बरं वाटलं." मी म्हटलं, अरे, तुझं वाटोळं केलं मी, दोनदा. तर म्हणतो, बघू काहीतरी निघेल.

काहीच निघालं नाही. नव्या आकड्याचा संदेश परत सगळ्या पालकांना गेला. 'पण' म्हणणारेही आता येईनासे झाले. पल्लवीनं मला काही विचारलं नाही. फक्त ईश्वरीला मैदानावर सोडायला आणि आणायला ती स्वतः जायला लागली, नाइट ड्यूटी करून आली तरीसुद्धा. माझं केंद्र बंद झालं. मंडळाला नवा चिटणीस मिळाला, नवा प्रशिक्षकही मिळाला. चांगला पोरगा आहे, हिरवा. मैदान चालू आहे.

मॅडमनी निघताना एक गोष्ट सांगितली होती. खरा प्रल्हाद काशीद जिवंत सापडला आणि त्याच्या नावावर त्याचा स्वतःचा चेहरा चढला, तर हणमंतचं गाठोडं आपोआप सुटेल. मी विचारलं होतं, तो सापडणार कसा? अठ्ठावीस वर्षं सापडला नाही. त्या म्हणाल्या, अशी माणसं नाव बदलून राहतात, पण सवय बदलत नाही. परत कुठंतरी मुलांच्या जवळ जातात, परत तक्रार होते. तेव्हा सापडेल.

आम्हा दोघांना तोच एक धागा उरला. रिकामी माणसं, सकाळी मी त्याच्या कारखाना रस्त्यावरच्या दुकानात जाऊन बसायचो. तो एखादी मोटर उघडायचा, मी मोबाईलवर बातम्या वाचून दाखवायचो. कुठल्या वसतिगृहात, कुठल्या शिबिरात, कुठल्या क्लासमध्ये असं काही घडलं का. सापडलं, की आरोपीचं वय बघायचं. पन्नाशीतला असला की आम्ही दोघं ताठ व्हायचो. मग फोटो बघायचा, नाही रे, हा नव्हे, म्हणायचं आणि पुढची बातमी. असे पाच महिने गेले. गेल्या गुरुवारी मी असंच वाचायला लागलो, तर हणमंतनं हातानं थांबवलं.

"जालू, ते वाचू नको आता."

मी म्हटलं, का?

तो तार गुंडाळत होता, तिकडंच बघत बोलला. "सकाळी आंघोळ करून देवापुढं उभा होतो. रोजच्यासारखं मागत होतो, की तो सापडू दे. आणि एकदम कळलं, मी काय मागतोय ते. तो सापडायचा म्हणजे आधी कुठलंतरी पोर..." मोटरीतून हात काढून त्यानं ते पँटला पुसले. मग म्हणाला, "मी सत्तावीस वर्षं पोरं सांभाळली रे. माझ्यासाठी हे नको. राहू दे मला लाल."

मी मोबाईल खिशात टाकला आणि बरं म्हणालो. त्यानं चहा सांगितला. आम्ही चहा पीत गेल्या वर्षीच्या ऊस दरावर बोललो.

पण घरी आलो की मी दार लावून घेतो आणि ते नाव टाकून बघतो. काशीद, वय त्रेपन्न-चोपन्न, मुलं, वसतिगृह, तक्रार. त्याला सांगितलेलं नाही. रोज बघतो. घरात माझी दहा वर्षांची नात शेजारच्या खोलीत अभ्यास करत असते आणि मी इकडं हे बघतो. आणि आज कुठल्याही पोराला काही झालेलं नाही असं दिसलं, की मला वाईट वाटतं.